तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते, तर त्यांची संख्या कशी वाढते?

रक्तात फिरणारी परिपक्व तांबडी पेशी स्वतः कधीच विभाजित होत नाही, कारण विभाजनापूर्वी केंद्रकातील ज्या डीएनएची प्रत तयार व्हावी लागते तोच तिच्याजवळ नसतो. विभाजनाचे काम तिच्या पूर्वज पेशी अस्थिमज्जेत आधीच उरकतात. तेथे सूत्री विभाजनाने तयार झालेल्या पेशी हिमोग्लोबिन साठवत जातात आणि अखेरच्या टप्प्यांत केंद्रक अक्षरशः बाहेर टाकतात. पुढे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही नाहीशा होतात, त्यामुळे ही पेशी आपण वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतः न वापरता केवळ ग्लुकोजच्या विघटनातून ऊर्जा मिळवते, आणि या साऱ्या रचनेत मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. मात्र झिजलेली प्रथिने तिला नव्याने बनवता येत नसल्याने सुमारे १२० दिवसांत तिचे आयुष्य संपते, आणि प्लीहा व यकृतातील भक्षक पेशी तिला गिळून तिच्यातील लोह पुन्हा वापरात आणतात. ही तूट भरून काढण्यासाठी प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी तयार होतात; ऑक्सिजन कमी पडल्यास मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवून हा वेग वाढवतात. पक्षी, मासे आणि बेडूक यांच्या तांबड्या पेशींत सहसा केंद्रक असते, म्हणून हे वर्णन सस्तन प्राण्यांपुरतेच समजावे.