दादरचे दोन पिनकोड

प्रश्न : आमच्या पिनकोडचे, म्हणजे ४०००२८ चे, मूळ अवयव पाडत होतो. चारने भागल्यावर १००००७ आले. ३ पासून ४७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने त्याला भाग जात नाही. मग ते मूळच धरायचे ना?
– एक वाचक, दादर (पश्चिम)

उत्तर : नाही, जरा लवकर थांबलात. १००००७ चे वर्गमूळ ३१६ च्या किंचित पुढे आहे. मूळ म्हणून शिक्का मारायचा तर ३१३ पर्यंत जायला हवे. इथे तेवढी वेळ येत नाही, ९७ ने भाग जातो: ९७००० वजा केले की ३००७ उरतात आणि ते ९७ × ३१. म्हणजे दुसरा अवयव १०३१. त्याच्यासाठी नव्याने खटाटोप नको. त्याचे वर्गमूळ ३२ च्या आसपास, आणि तिथवरच्या मूळ संख्या तुम्ही आधीच बाद केल्यात. तो मूळच.

७, ११, १३ साठी तीन भागाकार मांडले असतील तर ते वाचले असते. या तिघांचा गुणाकार १००१. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि वजाबाकी करायची: १०० − ७ = ९३. ९३ ला तिघांपैकी कोणीच भागत नाही.

तर ४०००२८ = २² × ९७ × १०३१. विभाजक १२, त्यांची बेरीज ७ × ९८ × १०३२ = ७,०७,९५२. २² साठी ३ × ३ घेण्याची चूक हमखास होते; तिथे १ + २ + ४ = ७ हवे (९८ म्हणजे १ + ९७, १०३२ म्हणजे १ + १०३१). संख्या स्वतः वगळली की ३,०७,९२४ उरतात. संख्येपेक्षा कमी, म्हणून न्यून संख्या.

या संख्येची खरी गंमत वेगळीच आहे. ती तीन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिताच येत नाही. कोणत्याही वर्गाला ८ ने भागले की बाकी ०, १ किंवा ४ उरते. अशा तीन बाक्यांतून ७ होत नाहीत, आणि १००००७ ची बाकी नेमकी ७. चारपट केल्याने सुटका नाही: तीन वर्गांच्या बेरजेला ४ ने भाग गेला तर तिन्ही वर्ग सम संख्यांचेच असतात, त्यांना निम्मे केले की पुन्हा १००००७ वर येऊन अडकतो. चार वर्ग मात्र कुठल्याही संख्येला पुरतात, हे गणिती लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले. इथे ६३०² + ५४² + १४² + ४².

प्रश्न : आणि आमचा ४०००१४? हर्षद संख्या आहे का?
– एक वाचक, दादर (पूर्व)

उत्तर : आहे. देवळालीच्या द. रा. कापरेकरांची कसोटी सोपी: अंकांच्या बेरजेने संख्येला भाग जायला हवा. बेरीज ९, भागाकार ४४४४६. (पश्चिमेची बेरीज १४, बाकी ६, तिथे जमत नाही.) अवयव २ × ३² × ७१ × ३१३. स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज ४,८१,६९८, म्हणजे ही विपुल संख्या. पूल ओलांडला की वर्गच बदलतो!