डुकरांच्या गव्हाच्या खाद्यात एन्झाईम घालावं का?

प्रश्न: आम्ही मनोरीला राहतो, घरामागे थोडी डुकरं पाळलीत. बेकरीतले शिळे पाव, गव्हाचा कोंडा आणि थोडी सोयापेंड असं सगळं एकत्र उकळून देतो. आता खाद्यवाला एन्झाईमची पावडर घ्या म्हणून मागे लागलाय, म्हणतो सोयापेंड निम्मी केलीत तरी चालेल. खरंच फरक पडतो का, आणि पावडर टोपातच टाकायची का?
– एक वाचक, मनोरी

उत्तर: सोयापेंड निम्मी करू नका, हे आधी सांगतो. गव्हाच्या प्रोटीनमध्ये लायसिन, म्हणजे वाढीला लागणारा प्रोटीनचा एक घटक, कमी असतं (ते सोयापेंडीतून मिळतं) आणि डुकराची वाढ तिथेच अडते, एन्झाईम काही नवीन लायसिन बनवत नाही, दाण्यात अडकलेलं थोडंफार मोकळं करतं एवढंच.

आता पावडरचं बघू. तुमच्या पाकिटावर झायलनेज लिहिलेलं असेल. गव्हाच्या पेशींच्या भिंतीत अरॅबिनोझायलन नावाचा तंतू असतो, तो पचवायला डुकराकडे स्वतःचं एन्झाईमच नाही, त्यामुळे त्या भिंतींच्या आत कोंडलेला स्टार्च आणि प्रोटीन लहान आतड्यात न पचताच पुढे सरकतं, मग मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात, त्यातून थोडी शक्ती मिळते पण लहान आतड्यात पचलं असतं तर मिळाली असती तेवढी नाही. झायलनेज ह्या भिंती तोडतं. पण तोडायला तंतू तर पाहिजे ना! तो कोंड्यात भरपूर असतो, मैद्यात अगदी कमी, आणि आपला पाव म्हणजे मैदाच. म्हणजे खाद्यात पावच जास्त असेल तर पैसे वाया, कोंडा जास्त असेल तर करून बघण्यासारखं आहे. तिथेही कोंबड्यांमध्ये दिसतो तेवढा ठळक फरक डुकरांत दरवेळी दिसत नाही, आणि दिसलाच तर दूध तोडलेल्या पिल्लांत जास्त, कारण मोठ्या डुकराचं मोठं आतडं तंतू बऱ्यापैकी सांभाळून घेतं.

माझं मत विचाराल तर तुमच्याकडे फायटेज हे दुसरं एन्झाईम जास्त कामाचं. गव्हातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात बांधलेला असतो, डुकराला तो फारसा सोडवता येत नाही आणि शेणावाटे निघून जातो; फायटेज तो मोकळा करतं. गव्हात स्वतःचं थोडं फायटेज असतं खरं, पण तुम्ही उकळता तेव्हा ते मरतं. 1991 पासून फायटेज बाजारात आहे आणि त्याचा परिणाम झायलनेजपेक्षा जास्त भरवशाचा आहे. मात्र मिनरल मिक्स्चर बंद करू नका, कमी किती करायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

आणि टोपात तर अजिबात टाकू नका, उकळत्या खाद्यात एन्झाईम नष्ट होतं. खाद्य पूर्ण गार झाल्यावर, द्यायच्या वेळी, आधी मूठभर कोंड्यात पावडर नीट कालवून मग सगळ्यात मिसळा. हॉटेलचं उरलंसुरलं देत असाल तर ते उकळणं मात्र सोडू नका, उकळी आल्यावर किमान 30 मिनिटं, उष्ट्यातल्या डुकराच्या मांसातून पसरणारा आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग 2020 पासून आपल्या देशात आहे आणि त्यावर औषध नाही.

पावांबद्दल मला जास्त काळजी वाटते. बुरशी आलेला पाव हिरवा भाग काढूनही देऊ नका, बुरशीचं विष आत पसरलेलं असतं, ते उकळून जात नाही आणि ह्या पावडरनेही उतरत नाही. पावात मीठ असतं, त्यामुळे पाणी दिवसभर समोर पाहिजे, पाणी तुटलं तर मिठाची विषबाधा होऊन डुकरं झटके येऊन मरतात.

घ्यायचंच असेल तर छोटं पाकीट घ्या. एकाच वयाच्या, सारख्या वजनाच्या पिल्लांचे दोन गट करा, खाद्य तेच, एका गटाला पावडर, दुसऱ्याला नाही. चार आठवडे खाद्य मोजा, सुरुवातीला आणि शेवटी वजन घ्या, आणि एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं ते काढा. वाचलेल्या खाद्याची किंमत पावडरपेक्षा जास्त निघाली तरच पुढचं पाकीट आणा. वजनाचे आकडे घेऊन परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात गेलात तर तिथल्या डॉक्टरांनाही नेमकं सांगता येईल.