बीटल्स या इंग्लिश बँडचा उदय आणि फूट, दोन्ही जवळून पाहिलेला मित्र कोण? त्याच्या आठवणी कितपत धराव्यात?

क्लाउस फोरमान, हॅम्बुर्गचा चित्रकार, आणि सुरुवातीच्या दिवसांसाठी त्याच्या आठवणी बिनधास्त धरा, फुटीबद्दल मात्र जरा जपून. १९६० मध्ये गर्लफ्रेंडशी भांडून एकटाच भटकत असताना तळघरातल्या कायझरकेलर क्लबातून गाणं ऐकू आलं म्हणून हा आत शिरला, तेव्हा बीटल्सना लिव्हरपूलबाहेर कोणी विचारतही नव्हतं, ड्रमवर पुढचा ड्रमर रिंगोसुद्धा नव्हता (तो त्याच क्लबात दुसऱ्या बँडमध्ये वाजवायचा!). पुढे बीटल्सच्या १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमचं कव्हर यानेच काढलं, त्याला ग्रॅमी मिळालं, म्हणजे ऐकीव गप्पा मारणारा माणूस नाही.

फक्त एक लक्षात घ्या, फुटीनंतर तो बँडमधल्या जॉन, जॉर्ज आणि रिंगोच्या सोलो रेकॉर्डवर बास गिटार वाजवत होता, म्हणजे बँडमधला चौथा, बास वाजवणारा पॉल, त्याच्याच जागी, त्यामुळे पॉलची बाजू त्याच्याकडून कमीच कळणार. आणि खरं भांडण पैशाचं न् मॅनेजरचं, १९६७ ला मॅनेजर एपस्टीन वारला, १९६९ ला नवा मॅनेजर अ‍ॅलन क्लाइन याच्यावरून तिघं एकीकडे पॉल एकीकडे, ३१ डिसेंबर १९७० ला पॉल थेट लंडनच्या कोर्टात. तेवढ्यापुरतं मित्रापेक्षा कोर्टाची कागदपत्रं बरी.