जुन्या पिकअपचे ब्रेक बदलले आणि फिटनेस अडकले

प्रश्न : माझी २०११ सालची डिझेल पिकअप आहे. ती मी स्वतः चालवतो, मुलगा हाताखाली असतो, आणि भाजीपाल्याच्या भाड्यावरच घर चालते. घाटात ब्रेक कमी पडत होते, म्हणून तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये नंतरच्या मॉडेलच्या पुढच्या डिस्क, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) बसवून घेतला. त्या वेळी मेकॅनिकने मागचा एलएसपीव्ही (मागच्या ब्रेकचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह) काढून पाइप थेट जोडला. ३८,००० रुपये मोजले, हातात फक्त कच्ची चिठ्ठी आहे. आता गाडी रिकामी असताना जोरात ब्रेक मारला की मागची चाके जाम होऊन गाडी आडवी होते. आरटीओने फिटनेस प्रमाणपत्र नाकारले आणि गॅरेजमालक हात वर करतो. हा बदल बेकायदा आहे का? पैसे परत मिळतील का? विम्याचे काय?

उत्तर : सर्वप्रथम, ही गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणू नका, भाडे बुडाले तरी चालेल. एलएसपीव्ही हा मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह गाडीतील वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. तो काढून वर मोठा बूस्टर बसवला, तर रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर गरजेपेक्षा जास्त दाब जातो आणि आपण वर्णन केले तेच घडते. ओल्या घाटरस्त्यावर त्याचा परिणाम काय होईल हे आपल्यासारख्या जुन्या चालकाला सांगायला नको.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात (आरसी) असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. आरसीमध्ये ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसतो, त्यामुळे केवळ चांगल्या प्रतीची डिस्क बसवली म्हणून कलम ५२ चा भंग झाला असे मला वाटत नाही. मात्र मोठी डिस्क जुन्या रिममध्ये बसत नाही म्हणून रिम आणि टायरचे माप बदलले असेल, तर प्रश्न वेगळा होतो, कारण माल वाहतुकीच्या गाडीच्या आरसीमध्ये टायरचे माप आणि अ‍ॅक्सलनिहाय वजन नोंदलेले असते. आरसी हातात घेऊन टायरवरचे आकडे आजच ताडून पाहा.

आपली खरी अडचण एलएसपीव्ही काढण्याची आहे. कलम १०९ प्रमाणे गाडी सदैव चालकाच्या प्रभावी नियंत्रणात राहील अशा स्थितीत ठेवावी लागते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९६ ब्रेकविषयी निकष घालून देतो. कायद्याला मान्य नसलेला बदल, सुटे भाग बसवून केलेला असला तरी, कलम १८२-अ (४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्हींस पात्र आहे. कलम १९० सदोष गाडी चालवण्याबद्दल आहे; दोष मालकाला ठाऊक होता किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे त्यासाठी पुरते. निरीक्षकाने फिटनेस नाकारल्यानंतर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव आपल्याला उरलेला नाही. शिवाय कलम ५६ नुसार वैध फिटनेस नसलेली परिवहन गाडी नोंदणीकृत मानलीच जात नाही.

त्याच कलमानुसार नकाराची कारणे लेखी देणे बंधनकारक आहे. आपल्याला ती मिळाली नसतील तर अर्ज करून मागा. कलम ५७ खाली आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते, पण आपल्या बाबतीत नकार योग्य दिसतो. अपिलावर वेळ घालवण्यापेक्षा अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मूळ मॉडेलचा एलएसपीव्ही बसवून, जोडणी तपासून फेरतपासणीला जाणे शहाणपणाचे.

परंतु काहीही उघडण्यापूर्वी पुरावा जपा. पाइप थेट जोडल्याची जवळून छायाचित्रे घ्या, सर्व्हिस सेंटरकडून गाडी आली त्या स्थितीचा लेखी, सहीशिक्क्याचा अहवाल घ्या आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवा. हे आधी झाले नाही, तर गॅरेजमालक उद्या आपणच छेडछाड केली म्हणेल आणि आपल्याकडे उत्तर नसेल. कच्ची चिठ्ठी, ऑनलाइन पैसे भरले असल्यास त्याची नोंद, फोनवरचे संदेश हे सगळे पुराव्यात येते.

त्यानंतर गॅरेजमालकाला नोंदणीकृत टपालाने नोटीस द्या आणि १५ दिवसांत दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. गाडी धंद्याची आहे म्हणून आपण ग्राहक नाही, असा आक्षेप तो हमखास घेईल. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २ (७) चे स्पष्टीकरण संरक्षण देते, आणि स्वतः ट्रक चालवणारा माणूस एक-दोघांची मदत घेतो म्हणून ग्राहक राहत नाही असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. मुलगा हाताखाली असण्याने म्हणूनच काही बिघडत नाही. दिलेली मजुरी, दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेले भाडे मागा. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही.

विम्याबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी या बदलावर बोट ठेवून नाकारू किंवा कापू शकते. अपघातात तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १५० मध्ये कंपनीला मोजकेच बचाव आहेत. तरीही भरपाई आधी कंपनीने द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होण्याची शक्यता राहते. परमिट नसलेल्या ट्रकबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृत पॉल सिंग प्रकरणात तेच केले, आणि फिटनेसच्या बाबतीत कंपन्या तोच युक्तिवाद करतात. दुरुस्ती होऊन फिटनेस मिळाले की बसवलेल्या भागांची पक्की बिले जोडून कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.