वाचतात सगळे, बोलत कोणीच नाही

गेल्या दोन-तीन वर्षांत कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच तक्रार मी इतक्या निरनिराळ्या तोंडून ऐकली आहे की समोरच्याने वाक्य सुरू करताच ते कुठे जाऊन थांबणार हे मला कळते. "मॅडम, एवढं मन लावून करतो, लोक बघतात, वाचतात, पण कोणी काही बोलतच नाही." कधी ती चित्रे काढणाऱ्या मुलाची असते, कधी गाणी म्हणून टाकणाऱ्या गृहिणीची, एकदा ती एका निवृत्त मुख्याध्यापकांची होती, ज्यांच्या कवितेखाली गटातील ३९ जणांनी केवळ जोडलेले हात पाठवले होते. या सर्वांना उत्तर म्हणून एका मुलीची हकिगत लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मृण्मयी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकत होती आणि मंगळवार पेठेत आईवडील व आजोबांसह राहत होती. तिला आई घेऊन आली. "रात्री दोन वाजता उठून मोबाईल बघती. कुणाचा तरी मेसेज यायचा असतोय," असे त्या माऊलीने दबक्या आवाजात सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात कोणती शंका होती हे वेगळे सांगायला नको. प्रत्यक्षात मुलगी ज्याची वाट पाहत होती तो कोणी एक नव्हता. एका जपानी ॲनिमे, म्हणजे चलच्चित्र, मालिकेतील पात्रे घेऊन ती इंग्रजीत स्वतःच्या गोष्टी लिहीत असे. चाहत्यांनी चाहत्यांसाठी, एक पैसाही न घेता लिहिलेल्या अशा गोष्टींना फॅनफिक्शन म्हणतात आणि त्यांचे एक फार मोठे भांडार म्हणजे २००९ साली सर्वांसाठी खुले झालेले 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'. ते स्वयंसेवक चालवतात, तेथे जाहिराती नाहीत आणि नापसंतीचे बटणही नाही. मृण्मयीची २३ भागांची गोष्ट तेथे होती. आकडे तिला पाठ होते: ती ४,१०० वेळा उघडली गेली, २१२ कुडोस, म्हणजे वाचकाने बटण दाबून दिलेली शाबासकी, आणि अभिप्राय ३. त्या तिनांतला एक होता, "पुढचा भाग कधी?"

"पहिल्या पाच-सहा भागांना धडाधड कुडोस आले. आता मी भाग टाकतो, परत टाकतो, आकडा जाग्यावरच. लोकांना माझा कंटाळा आलाय, दुसरं काय?" (कोल्हापूरच्या मुली 'मी टाकतो, मी जातो' असेच बोलतात. प्रशिक्षणाच्या काळात पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी माझ्या नोंदी वाचून, येणारी व्यक्ती मुलगा की मुलगी, असे दोनदा विचारले होते.)

दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली. इतकी वर्षे काम केल्यावर चुका होत नाहीत असे लोकांना वाटते. खरे तर त्या अधिक सराईतपणे होतात. मी तिला म्हणाले, "दुसऱ्याच्या शाबासकीवर का जगायचे? स्वतःच्या आनंदासाठी लिही." मृण्मयी "हो मॅडम" म्हणाली आणि पुढच्या आठवड्यात आलीच नाही.

त्या रिकाम्या तासात मी माझाच उपदेश तपासून पाहिला. माझी सारी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर तयार झालेली आहे. आपल्याला दुःख घटनेमुळे होत नाही, घटनेचा जो अर्थ आपण लावतो त्यामुळे होते, हे त्यांचे सूत्र आमच्या मराठीत एका अक्षराने सांगता येते, आणि ते अक्षर म्हणजे 'च'. 'अभिप्राय यावा' ही इच्छा आणि 'अभिप्राय यायलाच हवा' ही मागणी. पहिलीने माणूस हळहळतो, दुसरीने कोसळतो. पण मी 'च' काढायला सांगण्याऐवजी इच्छाच काढून टाकायला सांगितले होते. चाहत्यांची गोष्ट म्हणजे कुलूपबंद रोजनिशी नव्हे. एकच मालिका आवडणाऱ्या माणसांच्या गप्पांतून ती जन्मते आणि गप्पांतच तिला परत जायचे असते. तिथे उत्तराची अपेक्षा करणे हा मनाचा दुबळेपणा नाही; कट्ट्यावर बसलेल्या माणसाने समोरच्याने हुंकार द्यावा अशी अपेक्षा करण्याइतके ते साधे आहे. मृण्मयीला हार-तुरे नको होते, तिला हुंकार हवा होता. हा फरक मला उशिरा कळला, पण एकदा कळल्यावर त्यानंतरच्या कितीतरी जणांच्या बाबतीत तो उपयोगी पडला.

ती पुन्हा आली तेव्हा मी उपदेश बाजूला ठेवून म्हणाले, "मला तुझ्या त्या जागेतले काही कळत नाही. ते कुडोसचे बटण कसे चालते, ते मला समजावून सांग."

"सोपं आहे मॅडम. शेवटी एक बटण असतं. आवडलं तर दाबायचं."

"आणि पुढचा भाग आवडला तर पुन्हा दाबायचे?"

"नाही, एका माणसानं एका गोष्टीला एकदाच. परत दाबलं तर तुम्ही आधीच दिलाय असं येतं."

"गोष्ट २३ भागांची असली तरी?"

"हो, पूर्ण गोष्टीला मिळून एक—"

ती थांबली. टेबलावरची पाण्याची बाटली तिने उचलली, झाकण उघडले, पाणी न पिता पुन्हा लावले. खाली गल्लीत भाजीवाल्याची आरोळी चालू होती. मी काहीही बोलले नाही; अशा वेळी गप्प बसायला मला जवळजवळ दहा वर्षे लागली आहेत. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे जे पहिल्यापासून वाचतायत, त्यांनी द्यायचं होतं ते देऊन झालंय. ते परत देऊच शकत नाहीत." आणि मग अगदी हळू, "मी त्यांनाच कंटाळलेले धरत होतो."

नियम तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता, तरी मनाने त्याकडे पाठ फिरवून न हलणाऱ्या आकड्याचा अर्थ 'नकार' असा लावून टाकला होता. तो नियम मी तिला सांगितला असता तर तिने मान डोलावली असती आणि रात्री दोनला उठून मोबाईल पाहिलाच असता. समजावून देण्यापेक्षा समजावून घेण्याने माणूस लवकर मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे.

हे प्रकरण येथेच मिटले असे मला वाटले होते. पुढच्या भेटीत तिने खुर्चीच्या कडेवर बसूनच सांगितले, "मॅडम, एक सांगायचं राहिलंय. मला वाटतं, मला सगळ्यांनी वाळीत टाकलंय. आणि ते बरोबरच आहे."

दोन वर्षांपूर्वी तिने एका अनोळखी लेखिकेच्या गोष्टीखाली क्रमांक घालून नऊ चुका लिहिल्या होत्या. काळाची गडबड, पात्र स्वभावाविरुद्ध वागते, तिसऱ्या भागातील संवाद पुस्तकी, वगैरे. हेतू चांगला होता आणि चुकाही बहुधा खऱ्या होत्या. चार दिवसांनी दुसऱ्या एका वाचकाने तिला सुनावले, "हे तुला कोणी विचारले होते?" आणि पुढच्या आठवड्यात मूळ गोष्टच तेथून नाहीशी झाली. तेव्हापासून मृण्मयीने कोणाच्याही गोष्टीखाली एक अक्षर लिहिले नव्हते आणि स्वतःच्या गोष्टीखालील शांतता ती शिक्षा म्हणून मोजत होती.

येथे थोडे चालीरीतींविषयी सांगणे भाग आहे, कारण या मुलीचा दोष स्वभावाचा कमी आणि पंचांगाचा जास्त होता. फॅनफिक्शन डॉट नेट हे जुने ठिकाण १९९८ साली सुरू झाले. तेथे अभिप्रायाला 'रिव्ह्यू' म्हणत, आणि चुका दाखवणारा परखड रिव्ह्यू ही लेखकाला दिलेली मदत आहे, असे त्या काळच्या पुष्कळ मंडळींना मनापासून वाटत असे. मृण्मयीने शिष्टाचार शिकला तो अशा एका जुन्या मार्गदर्शक लेखातून. दरम्यान रीत पालटली. आता बहुतेक चाहत्यांच्या समूहांत न मागितलेली दुरुस्ती उद्धटपणात जमा होते. गोष्ट ही फुकट दिलेली भेट आहे, आणि भेटीत आलेल्या साडीची वीण कोणी दारात उभे राहून तपासत नाही, असा त्यामागचा विचार आहे. ज्याला दुरुस्ती हवी असेल तो प्रकाशित करण्यापूर्वी एखाद्या विश्वासू माणसाकडून मजकूर तपासून घेतो, त्याला तिकडे बीटा वाचक म्हणतात, किंवा 'चुका दाखवलेल्या चालतील' असे स्वतःच खाली लिहितो. याचा दुसरा परिणाम असा की काय बोललेले चालेल याची खात्री नसल्यामुळे पुष्कळ भले वाचक काहीच न बोलता बटण दाबून निघून जातात. शिवाय पूर्वी जी चर्चा गोष्टीखाली चारचौघांत होई, ती आता डिस्कॉर्डसारख्या गप्पांच्या ॲपवर ओळखीच्या माणसांच्या बंद खोल्यांत होते, जिथे लेखक नसतो. तुमच्या गोष्टीवर एखाद्या खोलीत तासभर वाद रंगलेला असू शकतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मला स्वतःला नवी रीत पूर्णपणे पटत नाही. नुसत्या गोड शब्दांवर हात सुधारत नाही. पण पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी, हे मला पटते.

"तुमच्या घरी चूक कोण सांगते?" मी विचारले.

ती पहिल्यांदाच हसली. आजोबा. तरुणपणी ते कुस्ती खेळत, खासबागेत उतरलेले पैलवान. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानावर जिंकलेला मल्ल कडेने फेरी मारतो आणि प्रेक्षक त्याच्या हातात पाच-दहाची नोट ठेवतात, हे तिने लहानपणापासून ऐकले होते. "आजोबा म्हणतात, नोट देणारा माणूस काही बोलत नाही. पाठीवर थाप मारतो, बास. आणि वस्ताद मैदानात चूक काढत नाही. चूक काढायची ती दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत, लाल मातीत, चार माणसांच्या माघारी."

"मग तू त्या मुलीची चूक कुठे काढलीस?"

"मैदानात," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "आणि मी तिचा वस्तादही नव्हतो."

माझ्या शास्त्रातील कोणताही शब्द न वापरता ही मुलगी जिथे पोहोचली, तिथे तिला नेण्यासाठी मी दोन भेटी राखून ठेवल्या होत्या. अपराधाची भावना आणि अपराध यांची फारकतही तिने त्याच दिवशी केली: वागणे चुकले, माणूस नासला नाही. मी फक्त एवढेच जोडले की समोरच्या लेखिकेने गोष्ट का काढली हे तिला ठाऊक नव्हते. परीक्षा, कंटाळा, घरातील कोणाला कळण्याची भीती, काहीही असू शकते.

त्यानंतर गृहपाठ. एलिस स्वतः १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या स्त्रियांशी बोलण्याचे स्वतःला बंधन घालून घेतले. शंभर जणींशी बोलणे झाले, भेटायचे एकीनेच कबूल केले आणि तीही आली नाही. पण भीती गेली. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी 'तीही आली नाही' या शब्दांवर समोरच्याचा चेहरा सैल होतो. मृण्मयीला महिनाभरात २० गोष्टी वाचून प्रत्येकीखाली अभिप्राय लिहायचा होता. अट अशी की 'छान', 'अप्रतिम' चालणार नाही, दुरुस्ती चालणार नाही, 'पुढचा भाग कधी' तर मुळीच नाही. गोष्टीतील एक जागा दाखवायची आणि ती वाचताना स्वतःला काय झाले ते सांगायचे.

पहिला अभिप्राय लिहायला तिला पाऊण तास लागला. एका गोष्टीत भांडून गेलेला भाऊ रात्री परत येतो, दार न वाजवता बाहेर विस्कटलेल्या सगळ्यांच्या चपला जोडीने लावून ठेवतो आणि पायरीवर बसून राहतो. तिने लिहिले, "चपलांपाशी मी वाचायची थांबले, कारण आमच्या घरीही माफी अशीच मागतात." तीन दिवसांनी त्या लेखिकेचे उत्तर आले: ते वाक्य ती दोनदा खोडणार होती. महिनाअखेर २० पैकी १३ जणांनी उत्तर दिले, सात जणांनी दिले नाही. त्या सातांविषयी मी मुद्दाम विचारले. "नसेल बघितलं. नाहीतर काय लिहावं कळलं नसेल. मलाच कुठं कळत होतं?" असे ती म्हणाली, आणि मी वहीत त्यापुढे छोटी बरोबरची खूण केली.

आता तुम्हा सर्वांसाठी, विशेषतः जे रात्री दोनला उठतात त्यांच्यासाठी. आकडा पाहण्याची वेळ ठरवून घ्या आणि ती भाग टाकल्यानंतरच्या पहिल्या तासातली नसावी. शांततेला अर्थ देण्यापूर्वी त्या जागेचे यंत्र कसे चालते ते नीट समजून घ्या. अभिप्राय हवा असेल तर मागा, "या भागातला बाप तुम्हाला कसा वाटला?" असा एकच नेमका प्रश्न खाली लिहिला तर लाजऱ्या वाचकाला बोलायला जागा मिळते. मागण्यात कमीपणा वाटत असेल तर तो 'च' तपासा: 'न मागता मिळालेलेच खरे'. आलेल्या अभिप्रायाला उत्तर द्या, दोन शब्दांचे का होईना. आणि आईवडिलांनो, मूल मोबाईल पाहते म्हणजे कोणात तरी गुंतले आहे, असा अर्थ लावण्याआधी एकदा "काय लिहितेस?" असे विचारून पाहा. मृण्मयीच्या आईने सहाव्या भेटीनंतर विचारले. इंग्रजी गोष्ट त्यांना अर्धीमुर्धीच कळली, पण आजोबांनी वाचणाऱ्यांचा आकडा विचारला आणि ४,१०० ऐकून म्हणाले, "एवढी माणसं आमच्या जत्रेच्या मैदानाला नसायची. आन् त्यातली बोलत किती होती? हलगीच वाजायची तेवढी."

शेवटच्या भेटीत मी त्या जुन्या लेखिकेविषयी विचारले. मृण्मयीने तिला दोन ओळींची माफी लिहिली होती, क्षमा कर असे न म्हणता, फक्त माझे चुकले इतकेच.

"उत्तर आले?"

"नाही आलं." ती पिशवी खांद्याला लावत उठली. "पुढच्या महिन्यात परीक्षा आहे मॅडम, भाग टाकणार नाही, तसं खाली लिहून ठेवलंय. एकानं लिहिलंय, थांबतो म्हणून."