सहकाऱ्यांमध्ये प्रामाणिकपणा आणि एकमेकांची कदर कशी वाढवावी?
पणजीतल्या तुमच्या ऑफिसात चुका लपवल्या जातात आणि चांगल्या कामाबद्दल कोणी बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी साहेबांनी स्वतःची चूक मीटिंगमध्ये उघड सांगावी. त्याशिवाय बाकीचे तोंड उघडणार नाहीत.

कौतुक नेमकं हवं. नुसतं 'छान' नको. 'चतुर्थीच्या आदल्या दिवशी थांबून वास्कोच्या गिऱ्हाइकाचं बिल दुरुस्त केलंत, म्हणून पैसे अडकले नाहीत,' असं चारचौघांत म्हणा. शिपायालाही, ड्रायव्हरलाही.

लुफ्ट आणि इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या 'जोहारी खिडकी'त, म्हणजे स्वतःला ओळखण्यासाठीच्या चार कप्प्यांच्या आकृतीत, एक कप्पा इतरांना दिसणाऱ्या, पण आपल्याला न दिसणाऱ्या वागण्याचा आहे. तो उघडायचा तर शेजारच्या सहकाऱ्याला विचारा, 'माझी कोणती सवय तुमच्या कामाच्या आड येते?' उत्तर ऐकताना खुलासे देऊ नका. हे फार जड जातं, पण कराच.