शिसपेन्सिलीचे गाव

प्रश्न : माझे आजोबा परळच्या एका गिरणीत ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या पेटीत अर्धी झिजलेली हिरवी पेन्सिल सापडली. तिच्यावर ‘फाबर-कास्टेल ९०००’ आणि ‘टू-एच’ असे छापलेले आहे. ही पेन्सिल जर्मनीतील कोणत्या गावची?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आपल्या आजोबांच्या पेन्सिलीचे मूळ गाव म्हणजे नुरेंबर्ग शहराला लागून, रेडनिट्झ नदीच्या काठी वसलेले स्टाईन. कास्पार फाबर या सुताराने १७६१ मध्ये तेथे पेन्सिली बनवण्यास सुरुवात केली. आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो आणि जर्मन भाषेतील शब्दाचा अर्थही शिशाची कांडी असाच होतो. प्रत्यक्षात तिच्यात शिसे नसून ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते.

गावाचा खरा कायापालट केला तो कास्पारचा पणतू लोथार याने. १८३९ मध्ये कारभार हाती आल्यावर त्याने पेन्सिलीवर स्वतःचे नाव छापले, लांबी आणि कठीणपणा यांची मापे ठरवून दिली, आणि १८५६ मध्ये सायबेरियातील एका खाणीचे उत्तम ग्राफाइट मिळवण्याचा करार केला. नावाची नक्कल होऊ लागली तेव्हा १८७४ मध्ये त्याने व्यापारचिन्हांच्या संरक्षणासाठी जर्मन संसदेकडे अर्ज केला. मला मात्र याहून मोलाचे वाटते ते त्याने कामगारांसाठी १८४४ मध्ये सुरू केलेला आजारपणाचा निधी आणि १८५१ मधील बालवाडी. गिरणगावात वाढलेल्या माणसाला त्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

१८९८ मध्ये लोथारच्या नातीचा विवाह कास्टेल घराण्यातील काउंट अलेक्झांडर यांच्याशी झाला आणि दोन्ही नावे जोडली गेली. आपल्याकडची हिरवी ‘९०००’ बाजारात आली ती १९०५ मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर नुरेंबर्गच्या खटल्यांसाठी आलेले वार्ताहर स्टाईनमधील याच घराण्याच्या वाड्यात उतरले होते. कंपनीचे मुख्यालय आजही स्टाईनलाच आहे.

‘टू-एच’ ही खूण कठीणपणाची आहे. चिकणमातीचे प्रमाण जास्त असल्याने ही पेन्सिल फिकट पण बारीक, न फिसकटणारी रेघ देते, म्हणूनच यंत्रांचे आराखडे काढणाऱ्यांच्या हाती ती असे. तिच्या सहा कडा बोटांनी चाचपून पाहा. तिरक्या ड्रॉइंग बोर्डावर ठेवलेली पेन्सिल या कडांमुळेच सहसा घरंगळत नाही.